बोटीवरचा संसार

साठ-एकसष्ट साल असेल. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणाऱ्या छोट्या गाडीत समोर हजहून बोटीने नुकतीच परतलेली एक म्हातारी बसली होती. आम्ही नवराबायको सुट्टीत बोटीने लंकेला जाणार हे कळताच ती बायकोला समजावू लागली, "बोटीत उपाशी राहू नोको. गरगरलं तं पाण्याकडं नाही, दूर आभायाकडं पाह्यजो."

बायकोला बोटीची धास्ती होती. बेत रद्द करा म्हणून ती रोज मागे लागायची. तिने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटली?"

म्हातारीच्या हातातली माळ थांबली. "येतानी आमचे मियाँ बोटीतच गेले, बाई. समुद्रातच दफन केलं."

बायकोचा चेहरा उतरला. संपली आपली सहल, असं मला वाटलं.

"पण तू जाय," म्हातारी म्हणाली. "घरी तीस वर्षं त्याइले दुकानातून फुरसत नव्हती. बोटीवर रोज दिवसभर माह्याजवळ बसून बोलत. माहा संसार तेवढाच झाला."

दारव्ह्याला ती बोचकं घेऊन एकटीच उतरली. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गाडी हलल्यावर बायको खिडकीतून तिच्याकडे पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आपली बोट किती वेळाची?"

"तीन-चार तासांची."

"एवढीच?" ती म्हणाली.