झडप सरळ बसवा

मंदाकिनी रणपिसे यांना राग आला की त्या हळू बोलत. वॉर्डातल्या मुलींना हे ठाऊक होतं. सिस्टर ओरडल्या तर काळजी नाही, पण आवाज खाली आला की आपण ट्रॉलीच्या आड व्हावं.

त्या मूळच्या पुलगावच्या. नर्सिंग शिकायला पुण्यात आल्या आणि इथल्याच झाल्या. घर वाघोलीला, नोकरी शनिवार पेठेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात, आणि मधला सगळा प्रवास बसमध्ये उभ्याने. निवृत्ती जवळ आली होती. कुणाच्या अध्यात ना मध्यात, असं निघून जायचं त्यांनी ठरवलं होतं.

पण एका दुपारी कॅज्युअल्टीत एका रिक्षावाल्याला आणलं. त्याचा श्वास थांबला होता. डॉक्टरांनी तोंडावर मास्क धरला आणि अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याची रबरी पिशवी, दाबायला सुरुवात केली. पिशवी दाबली जात होती, फुस्स असा आवाज येत होता, पण माणसाची छाती हलत नव्हती. मंदाकिनीबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी ती पिशवी हिसकून फेकली आणि दुसरी लावली. छाती वर आली. माणूस वाचला.

फेकलेली पिशवी नंतर उघडून पाहिली. पिशवी आणि मास्क यांच्या मध्ये एक पातळ रबरी झडप असते. हवा रोग्याकडे जावी आणि त्याचा सोडलेला श्वास पिशवीत परत येऊ नये, एवढंच तिचं काम. ती उलटी बसवलेली होती.

पिशव्या सुट्या करून धुवायच्या, वाळवायच्या आणि परत जोडायच्या हे काम कांताबाईंकडे होतं. हडपसरहून येणाऱ्या, हाताने चपळ, तोंडाने त्याहून चपळ अशा कांताबाई. मंदाकिनीबाई तडक धुण्याच्या खोलीत गेल्या.

"कांताबाई, डोळे काय घरी ठेवून येता? माणूस गेला असता आज!"

कांताबाई नेहमीसारखं उलट बोलल्या नाहीत. ओले हात पदराला पुसत उभ्या राहिल्या. "कशी बसली काय म्हाईत नाय, बाई. दोन्हीकडनं सारखीच दिसती ती."

चौकशी झाली. अधीक्षक डॉ. श्यामसुंदर गोळविलकर मध्ये बसले, दोन्ही बाजूंना दोन डॉक्टर. कांताबाई दाराशी उभ्या. मंदाकिनीबाईंना साक्षीला बोलावलं होतं आणि खरं सांगायचं तर त्या कांताबाईंच्या विरुद्धच बोलायला आल्या होत्या.

"सिस्टर, ही झडप बसवणं अवघड आहे का हो?" अधीक्षकांनी विचारलं.

"मुळीच नाही. दाखवते."

त्यांनी सुटे भाग घेतले, बोलता बोलता जोडले, पिशवीच्या तोंडाला रबरी हातमोजा अडकवला आणि पिशवी दाबली. हवा गेली की मोजा फुगतो, पाच बोटं ताठ उभी राहतात. मोजा लोंबतच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. फुस्स. बोटं खालीच.

झडप उलटी बसली होती.

एक डॉक्टर हसले. "सिस्टर घाबरल्या. त्यांना जरा चहा द्या." आणि खरोखरच चहा आला, बशीत बिस्किटासकट.

मंदाकिनीबाईंनी कप हातात घेतला आणि दाराकडे पाहिलं. कांताबाई त्या मोज्याकडे बघत होत्या.

"डॉक्टर," मंदाकिनीबाई अगदी हळू म्हणाल्या, "चूक तीच आहे. मग चहा मला एकटीलाच का?"

"तुमची गोष्ट वेगळी, सिस्टर," हसलेले डॉक्टर म्हणाले.

"काय वेगळी?"

अधीक्षक समोरचे कागद आवरू लागले. जोडलेली पिशवी ट्रॉलीत ठेवण्याआधी कुणी तपासत का नाही, हेही त्यांनी विचारलं. त्यावर एवढंच समजलं की वेळ संपली आहे. निकाल लागला. कांताबाईंनी उद्यापासून खाली तळघरात चादरी धुवायला जायचं. लेखी काही नाही, तोंडी सांगितलं. आणि शहराच्या रीतीप्रमाणे धुण्याच्या खोलीत एक पाटी लागली: "झडप सरळ बसवा. हलगर्जीपणा करणाऱ्यांना येथे थारा नाही." खाली "हुकमावरून". झाला बंदोबस्त! झडप होती तशीच राहिली, दोन्ही बाजूंनी सारखी आणि दोन्ही बाजूंनी बसणारी.

कांताबाईंना मात्र कँटीनमध्ये जाता येईना. "मावशी, कप सरळ धरलाय ना?" वॉर्डबॉय विचारत आणि खिदळत. त्या डबा तळघरातच खाऊ लागल्या.

मंदाकिनीबाईंची भाची पूर्णिमा हडपसरच्या एका कारखान्यात प्लॅस्टिकचे साचे बनवण्याचं काम करत होती. आत्याने तिच्यापुढे पिशवीचे भाग टाकले.

"उलटी बसणारच नाही अशी कर."

"आत्या, इन्स्ट्रक्शन्स क्लिअर हव्यात फक्त. बाण काढू या का वर?"

"पाटी लावून झाली आहे. आता झडप कर."

पूर्णिमाने झडपेला एक खाच दिली, समोर खुंटी दिली. सुट्टीच्या दिवशी मंदाकिनीबाई कांताबाईंना तिच्याकडे घेऊन गेल्या. कांताबाई टेबलापासून लांबच बसल्या.

"नगं बाई. परत चुकलं तर?"

"चुकवायलाच बोलावलंय. उलटी बसवून दाखवा. काय हवं ते करा."

कांताबाईंनी भाग हातात घेतले. झडप उलटी धरली, अंगठ्याने रबर दुमडून खुंटीवरून रेटलं, वरचं झाकण फिरवलं. मोजा लावून पिशवी दाबली. बोटं खाली.

पूर्णिमाचा चेहरा पडला. "पण तुम्ही फोर्स केलात, मावशी! असं कोण करतं?"

"वरनं पिशवी द्या, पिशवी द्या म्हणून वरडतेत, तवा जोर लागतोच की गं पोरी."

पूर्णिमाने पिशवी आपल्याकडे ओढली. तिने खुंटी काढून टाकली. पुढच्या खेपेला रबर एका कडक रंगीत कड्यातच ओतलेलं होतं. सुटं रबर असं काही उरलंच नाही. कडं उलटं ठेवलं तर झाकणाचे आटे लागत नव्हते, आणि झाकणाशिवाय मास्क बसत नव्हता. कांताबाईंनी अंगठे लावले, गुडघ्यात धरून पिळलं, शेवटी दात लावले. मग कडं टेबलावर आपटून म्हणाल्या, "नाय बसत मेलं!" त्या दिवशी त्या पहिल्यांदा हसल्या.

चाचण्या, परवानग्या, कारखान्याच्या मालकांची मनधरणी यांत बराच काळ गेला. अखेर नव्या पिशव्या रुग्णालयात आल्या तेव्हा छोटा समारंभ झाला. अधीक्षक बोलले. आपल्या संस्थेच्या अनुभवातून हे घडलं, असं म्हणाले. कोणता अनुभव, ते म्हणाले नाहीत. कांताबाई तळघरातच होत्या.

मंदाकिनीबाई पिशवी घेऊन पुढे झाल्या. "डॉक्टर, आपण ही झडप उलटी बसवून दाखवता का?"

अधीक्षकांनी हसत हसत घेतली. झाकण फिरवलं, परत फिरवलं. "बसतच नाही हो, सिस्टर!"

"आधीची बसायची. मग दोष कुणाचा होता?"

"आज चांगला दिवस आहे. जुनं कशाला उकरायचं?"

"कुणाचा चांगला?" त्या इतक्या हळू बोलल्या की मागच्या रांगेतली कुजबुज थांबली.

"बघू," अधीक्षक म्हणाले.

मंदाकिनीबाईंनी वाट पाहिली नाही. त्या तळघरात गेल्या, कांताबाईंच्या हातातली ओली चादर काढून घेतली आणि त्यांना वर आणलं. धुण्याच्या खोलीत स्टुलावर चढून पाटीचे स्क्रू काढले. भिंतीवर पाटीएवढा जुन्या रंगाचा चौकोन उरला.

अधीक्षक आले तेव्हा कांताबाई सिंकपाशी पिशव्या सुट्या करत होत्या.

"पाटी कुठे गेली?"

"काढली. झडप चुकीची बसत नाही, तर ती वाचायची कुणी?"

"आणि ह्या इथे कशा?"

"कांताबाई आजपासून इथेच आहेत."

"अहो सिस्टर, असं कसं? काही आदेश, काही कागद लागतो की नाही?"

"पाठवताना लागला नव्हता," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आपण तोंडी पाठवलंत, मी तोंडी आणलं."

अधीक्षक खिडकीच्या बाजूने सिंकपाशी येऊन उभे राहिले. कांताबाईंनी मान वर केली नाही. जोडलेल्या पिशवीला त्यांनी मोजा अडकवला आणि दाबली. पाचही बोटं टम्म फुगून उभी राहिली, अधीक्षकांच्या चेहऱ्यासमोर.

"उजेडात उभं ऱ्हायलात, सायेब," त्या म्हणाल्या. "जरा बाजूला व्हता का?"