ढोलेसाहेबांचं सर्वानुमते

“हरकत कोणाची? एक, दोन, तीन! लिहा मॅडम, सर्वानुमते.” कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीची प्रत्येक सभा अध्यक्ष ढोलेसाहेब अशी उरकत. तीन म्हणेपर्यंत कोण तोंड उघडणार? मी सेक्रेटरी. पुढेपुढे तर इतिवृत्तात तो शब्द मी घरूनच लिहून नेई. तेवढाच वेळ वाचायचा!

त्यांना खुर्चीवर आम्हीच बसवलं, हेही सांगायला हवं. आठवडाभर नळ कोरडे होते, तेव्हा नागपूरहून आलेला हा निवृत्त अधिकारी पायजमा दुमडून स्वतः टाकीत उतरला. “मी करून राहिलो ना, तुम्ही कायले घाबरता?” पाणी आलं, आम्ही हार घातले. मग निवडणूक कशाला, म्हणून तीही गेली. गच्चीला कुलूप लागलं. एकानं उलट विचारलं, तर त्याची गाडी लावायची जागा काढून घेतली. बाकीचे दारं लावून गप्प बसले. मीही बसले.

मग मागचं गेट बंद करायचं साहेबांनी ठरवलं. किल्ली फक्त साहेबांकडे. माझे यजमान हृदयाचे पेशंट. ते म्हणाले, “अगं, पुढच्या गेटात गणपतीचा मांडव घातला की दवाखान्याची गाडी आत यायची कुठून? बोल की सभेत.”

“तुम्हाला काय जातंय सांगायला? माझ्याशी वैर धरतील ते,” मी म्हणाले. आणि सभेला जाण्याआधीच लिहून टाकलं, सर्वानुमते.

मांडव घातला त्याच आठवड्यात, भर दुपारी, हे कोसळले. रुग्णवाहिका मागच्या गेटाबाहेर उभी. साहेब बुधवार पेठेत खरेदीला गेलेले, फोन उचलेनात. मी गेट धरून गदागदा हलवत होते. वॉचमननं दगडानं कुलूप फोडलं, तोवर सगळं संपलं होतं.

तेराव्यानंतर सभा झाली. हार घालणारेच सगळ्यांत जोरात ओरडत होते. दहा मिनिटांत साहेबांना काढलं. मला वाटलं होतं, बरं वाटेल. कसलं बरं वाटतंय!

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली, चप्पल हातात. शिव्याच घालणार होते मी. तेवढ्यात म्हणाले, “मॅडम, गेटाच्या वेळेस तुम्ही एक शब्द बोलल्या असत्या न, तर थांबलो असतो मी. तुमच्या घरी पेशंट हाये, हे मले कोणी सांगतलंच नाही.”

खोटंच बोलत असणार मेला. नाहीतर मी जगू कशी?