तापरान्दिच मावशीचं पुरुषपण

केनियातल्या एल्डोरेटच्या कॉलेजात समाजशास्त्राच्या पहिल्याच तासाला बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, 'दर्जा' आणि 'भूमिका'. मग उदाहरणं विचारली. मी मान खाली घातली. माझ्याकडे उदाहरण होतं, पण ते वर्गात सांगवलं नसतं.

माझ्या तापरान्दिच मावशीला मुलगा नव्हता, एकच मुलगी, जेलागात. नवरा गेल्यावर जमीन दिराच्या घशात जाऊ नये म्हणून मावशीने आमच्या नांदी जमातीच्या रीतीने गाई देऊन बायको केली, जेप्केम्बोई. तिला कोणापासूनही होणारे मुलगे मावशीचे वारस आणि मावशी त्यांचा बाप; पुढे दोन झालेही. लग्नाच्या दिवसापासून मावशी पुरुष झाली. डोक्यावर ओझं नाही, चुलीपाशी काम नाही, बसणं-उठणं पुरुषांत. तोवर ती आमच्याकडची हुकमी सुईण होती. पण पुरुषाने बाळंतिणीच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, म्हणून तेही सुटलं.

जेलागात बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा मी तिथेच होते. कळा सुरू होऊन दुसरा दिवस उजाडला तरी सुटका होईना. मूल आडवं होतं, आणि दवाखाना दिवसभराच्या वाटेवर. आत असलेली म्हातारी सुईण कोबिलो रडत दारात आली.

"मला फिरवता येत नाही, तापरान्दिच! हात थरथरतात."

मावशी उठली. अंगणात बसलेला दीर किप्लेल गोड आवाजात म्हणाला, "अहो दादा, बसा की. बायकांचं बायका बघतील. का पुरुषपणाचा कंटाळा आला?"

त्याला काय हवं होतं ते लहान पोरालाही कळलं असतं. ती आत गेली की बाई ठरणार, मग लग्न खोटं, मुलं बिनबापाची आणि जमीन याची. मला वाटलं, कोणीतरी त्याला ओरडेल. एवढी कर्ती माणसं बसली होती! आतून जेलागात "आई!" म्हणून किंचाळत होती आणि हे दुधाने भरलेले भोपळ्याचे तुंबे तोंडाला लावून बसले होते! यांनाच मी मामा-काका म्हणत होते.

मावशीने कोट काढून माझ्या हातात दिला आणि आत गेली.

दुपारी मूल रडलं. जेलागातही वाचली. मावशी रक्ताळलेल्या हातांनी बाहेर आली, तेव्हा किप्लेल पाय पसरून म्हणाला, "वहिनी, हात धुतलेस की आम्हाला चहा टाक."

सात वर्षं दादा म्हणणारा माणूस! एका शब्दात त्याने घर, शेत, दोन पोरं, सगळं काढून घेतलं. आणि बाकीच्यांनी नुसत्या माना डोलावल्या.

तेवढ्यात जेप्केम्बोई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती तरुण होती, त्याच क्षणी माहेरी निघून गेली असती तरी कोणी नाव ठेवलं नसतं. तिने सगळ्यांदेखत मावशीच्या हातांवर पाणी घातलं आणि दोन्ही मुलांना हाक मारली.

"इकडे या रे. तुमचे बाबा दमलेत. त्यांना धरून घरात घेऊन चला."