देवीच्या चुलीवरची बायजा

ठाकुर्लीच्या गावदेवीचा नैवेद्य रांधण्याचा मान पाळी गेलेल्या बाईचाच. नवरा लवकर गेल्यावर बायजाने मिठागरावर राबून मुलगा वाढवला. तिला गावात मोठेपणा मिळाला तो उतारवयात, या चुलीपाशी.

१९५४ च्या थंडीत तिच्या अंगातून वाफा निघू लागल्या. झोप उडाली. कल्याणच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. "या वयात शरीरातलं इस्ट्रोजेन कमी होतं, ते यातून मिळेल. तीन आठवडे घ्या, मग एक आठवडा बंद. संपल्या की मला भेटा."

गुण आला. वाफा थांबल्या, चेहरा तुकतुकीत झाला. लागू पडलेलं औषध मधेच सोडू नये, ही घरची जुनी समजूत. बायजा आठवड्याचा खंडही न पाडता गोळ्या मागवून घेत राहिली. डॉक्टरीणबाईंकडे मात्र गेली नाही.

जत्रा महिन्यावर आली आणि तिला रक्त जाऊ लागलं. ती मागच्या पडवीत बाजूला बसली.

"काय गो बायजा, पुन्हा न्हाती झालीस?" शेजारची हौसाबाई कुंपणावरून हसली. "आता तुला नवरा बघाया पायजे!"

बायजाही हसली. पण संध्याकाळी चुलीचा मान हौसाबाईला दिल्याचं कळलं, तेव्हा ती जेवली नाही.

चार दिवसांनी न्हाऊन ती घरात आली आणि आठवड्याच्या आत पुन्हा पडवीत गेली. सून शालू लांबून ताट सरकवायची. त्या दिवशी तिने विटाळ न मानता सासूचा हात धरला.

"आत्याबाई, ही पाळी नाय. नखं बघा, पांढरी पडलीत. चला कल्याणला."

"चौथा दिवस होऊ दे."

"आत्ताच."

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं आणि पेन खाली ठेवलं. "हे तरुणपण नव्हे, बाई. या औषधाने गर्भपिशवीच्या अस्तराच्या पेशी वाढतात. मधे खंड पडला नाही तर वाढतच राहतात. नुसत्या वाढल्यात की बिघडल्यात, ते खरवडून तपासल्यावरच कळेल."

"बिघडल्या म्हंजे?" शालूने विचारलं.

"कॅन्सर."

खरवडलेला भाग तपासणीसाठी मुंबईला गेला. घरी बायजाने उरलेल्या गोळ्या खाडीत टाकल्या आणि शालूला समोर बसवलं.

"नैवेद्याला गूळ बेतानं घालायचा. हौसा जास्त घालते. ध्यानात ठेव."

"मना आत्ताच कशाला सांगता?"

"तुझं वय होईल तवा मी असेन काय?"

शालू उठून बाहेर गेली. बायजा बोलतच राहिली.

निकाल आला त्या दिवशी दोघी दवाखान्यात उभ्याच राहिल्या.

"पेशी वाढल्यात, बिघडलेल्या नाहीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळ्या बंद. पुन्हा रक्त दिसलं तर पडवीत बसायचं नाही, सरळ इकडे यायचं."

शालू मटकन बाकावर बसली.

"आन वाफा?" बायजाने विचारलं.

"त्या परत येतील."

"म्हंजे मी म्हातारीच ना?"

"म्हातारीच."

"तसं लिवून द्या. हौसाला दाखवते."

कागदाची गरज पडली नाही; रक्त थांबलं आणि वाफा साऱ्यांदेखत परत आल्या. जत्रेच्या सकाळी हौसाबाईने स्वतःच पळी पुढे केली. बायजा चुलीपाशी घामाने निथळत होती; वारा घालायला आलेल्या शालूला तिने हातानेच लांब केलं आणि गुळाचा डबा जवळ ओढला.