आत्याने बरी केलेली बोटं

आमच्या घरात माझ्या हातांवरून जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. मी गिटार वाजवायचे. गिटार वाजवणाऱ्याचे दोन हात दोन वेगवेगळ्या माणसांचे असल्यासारखे सांभाळावे लागतात. डाव्या हाताची नखं मांसापर्यंत कापायची, नाहीतर तार नीट दाबली जात नाही. उजव्या हाताची थोडी वाढवायची, कारण त्यांनीच तार छेडायची. आणि डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांना घट्टे पडू द्यायचे, ते मऊ होऊ द्यायचे नाहीत. आईला यातलं काहीच पटत नव्हतं. उजव्या हाताच्या नखांकडे पाहून ती म्हणायची, "या हातची भाकर तुह्या बापाले खाऊ घाल, मले नको." मग मी कणीक डाव्या हाताने मळायला शिकले. भाकरी थापायची वेळ आली की मात्र आई मला स्वयंपाकघरातून बाहेर काढायची. त्याचं मला फारसं दुःख नव्हतं.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. बाबा स्टील प्लांटच्या मिलमध्ये चार्जमन होते आणि सेक्टरमधल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही राहायचो. शेजारच्या क्वार्टरमधले मल्याळी अंकल प्लांटच्या स्टोअरमध्ये नोकरी आणि रविवारी चर्चमध्ये गिटार असे दोन उद्योग करायचे. मला त्यांनीच शिकवलं. पहिले दोन आठवडे त्यांनी गिटार हातात दिलीच नाही, हातांबद्दलच बोलत राहिले. आंघोळ किंवा धुणं झाल्यावर तासभर वाजवायचं नाही, कारण पाण्याने घट्टा फुगतो आणि तार त्यात रुतते. थंडीत खोबरेल तेल लावायचं ते हाताच्या पाठीला, बोटांच्या टोकांना नाही. उजव्या हाताची नखं ब्लेडने कापायची नाहीत, माचिसच्या पेटीच्या घासायच्या कडेवर गोल करायची. त्यांच्या घरी काडी कधी पेटायची नाही, कारण साऱ्या पेट्यांच्या कडा नखांनी गुळगुळीत केलेल्या असायच्या. आंटी त्यावरून त्यांना मल्याळममध्ये रोज काहीतरी सुनावायच्या. शब्द कळत नव्हते, पण स्वर आईचाच होता.

घरात माझी बाजू घेतली ती फक्त बाबांनी. मिलमध्ये त्यांनी लोकांची बोटं जाताना पाहिली होती. हात जपणारा माणूस त्यांना वेडा वाटत नव्हता. त्यांनी मला प्लांटमधले जुने चामड्याचे ग्लोव्हज आणून दिले. उन्हाळ्यात नळाला पाणी ठरलेल्या वेळीच यायचं आणि कूलर भरायला सात-आठ बादल्या वाहाव्या लागायच्या. बादलीची कडी बोटांना काचू नये म्हणून मी ते ग्लोव्हज घालून पाणी भरायचे. समोरच्या ओळीतल्या बायका विचारायच्या, आज भट्टीवर ड्यूटी आहे का. मी हो म्हणायचे. तारा पुसायला बाबा मशीन पुसायचं कॉटन वेस्टही आणायचे. घामाने तारेला गंज चढतो आणि गंजलेली तार बोट कापते, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही. लोखंडाचं त्यांना सगळं माहीत होतं.

मी बी.ए. झाले तेव्हा बाबांच्या निवृत्तीला एकच वर्ष राहिलं होतं. निवृत्त झालं की क्वार्टर सोडावं लागतं, हे भिलाईत लहान मुलालाही माहीत असतं. आई-बाबा भंडाऱ्याजवळच्या गावी परत जाणार होते. मला नोकरी नसती तर मीही त्यांच्याबरोबर गेले असते, आणि तिथे गेल्यावर पुढचं काय ते ठरलेलंच होतं. गिटार भिंतीला टांगायची आणि पाहुणे बघायला येतील तेव्हा पोहे करायचे. मला भिलाईतच राहायचं होतं. त्याच मे महिन्यात नन्सच्या एका शाळेत संगीताच्या बाईंची जागा निघाली. प्रार्थनेला गिटार वाजवता येणारी बाई त्यांना हवी होती आणि गावात घर नसलेल्या शिक्षिकांना राहायला शाळेच्या आवारात एक खोली मिळणार होती. मुलाखत सोमवारी होती आणि तिथे वाजवून दाखवायचं होतं. अशी दुसरी जागा मला भिलाईत मिळाली नसती.

मुलाखतीच्या आठवडाभर आधी, रविवारी, डोंगरगडहून आत्या आली. आत्याचे यजमान, आमचे काका, रेल्वेत होते. रुळांवरून रोज मैलोन् मैल चालून त्यांच्या तळपायांना कायम कुरुपं झालेली असायची. ती कापून, औषधाच्या पट्ट्या लावून, सोलून काढायचं काम आत्या वीस वर्षं करत होती आणि त्या विषयात ती स्वतःला डॉक्टरच्या वर समजायची. तिची तिकडची शेजारपाजारची माणसंही तिच्यापुढे पाय करून बसायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिचे पाय दाबत होते. तिने मध्येच माझा डावा हात पकडला आणि बोटं उजेडाकडे धरली.

"काय वं पोरी, हाताले कुरूप?"

मी सांगितलं की हे कुरूप नाही, गिटारचे घट्टे आहेत, मुद्दाम पाडलेले आहेत आणि मला हवे आहेत. ती हो हो म्हणाली. आत्या हो हो म्हणायची तेव्हा तिचं लक्ष नसायचं, हे मला माहीत होतं. तरी मी विषय तिथेच सोडला. चूक धरायची तर इथे माझीही धरावी लागेल.

मंगळवारी दुपारी मी सायकलवर पावर हाउसच्या बाजारात गेले. तिथे एकच दुकान होतं जिथे तारांचा पूर्ण संच मिळायचा आणि मुलाखतीला मला नव्या तारा हव्या होत्या. बाराच्या उन्हात जाऊ नको असं आईने बजावलं होतं. तारा मिळाल्या, पण घरी येईपर्यंत मला लू, म्हणजे उन्हाची झळ, लागली होती. ताप भरला, ओकाऱ्या झाल्या आणि मी कूलरसमोर आडवी झाले. आमच्याकडे लू लागली की कांदा किसून तळहात-तळपायांना बांधतात आणि कैरीचं पन्हं पाजतात. आईने पन्हं केलं, कांद्याचं आत्याने हातात घेतलं. बुधवारी ती माझ्या हातांशी काहीतरी करत होती, बोटांना काहीतरी गुंडाळत होती, एवढं मला कळत होतं. मला वाटलं कांदाच आहे. सगळ्या घराला कांद्याचाच वास येत होता.

शुक्रवारी सकाळी ताप उतरला. मी उठून बसले आणि हातांवरचं फडकं सोडलं. उजव्या हातात वाळलेला कांदा होता. डाव्या हाताच्या चारही बोटांच्या टोकांना चिकटपट्टी होती, आणि तिच्यामध्ये ती गोल, औषध लावलेली चकती, जी काकांच्या तळपायावर मी शंभर वेळा पाहिली होती.

मी पट्ट्या काढल्या. घट्टे पांढरे आणि फुगलेले होते, भिजवलेल्या पोह्यांसारखे. एकाला हात लावला तर तो साल निघावं तसा निघून आला. खाली गुलाबी, नवी कातडी होती. चार वर्षांचे घट्टे दोन दिवसांत गेले होते.

आत्या चहा घेऊन आली. माझ्या हाताकडे पाहून तिला फार समाधान वाटलं.

"हात कसे मऊ झाले," ती म्हणाली. "आता बाईसारखे दिसून राहिले. मुलाखतीत त्या मेमा आधी हातच पाहतीन."

मी चहाचा कप तोंडाला लावला. बोलले असते तर फार वाईट बोलले असते. आईला मात्र माझ्या तोंडाकडे पाहूनच कळलं. तिने आत्याला भाजी निवडायला आतल्या खोलीत नेलं.

मी अंकलकडे गेले. त्यांनी माझा हात उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ये किसने किया?" मी सांगितलं. त्यांनी तोंडावर हात धरला. हसू दाबत होते की कपाळाला हात मारणार होते ते मला समजलं नाही. मग ते कामाला लागले. सोमवारपर्यंत गिटारला हात लावायचा नाही. बोटांना पाणी लावायचं नाही, आंघोळसुद्धा हात वर करून. दिवसातून तीनदा स्पिरिट लावून कातडी सुकवायची. आणि सोमवारी सगळ्या तारा एका स्वराने खाली उतरवून ठेवायच्या, म्हणजे तार ढिली राहते आणि कमी दाबावी लागते. पट्टी खाली गेली तर कोणाला कळणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या तीन दिवसांत मी घरातलं एकही काम केलं नाही. ज्या आईने चार वर्षं माझ्या नखांवर तोंड टाकलं, तिने मला भात कालवूनसुद्धा दिला. बाबांनी दाढीनंतर लावायचा तुरटीचा खडा आणून माझ्यासमोर ठेवला. तुरटीने कातडी आवळते, ते म्हणाले. मी दिवसातून तीनदा स्पिरिट आणि रात्री तुरटी लावत होते. आत्याला वाटलं हे सगळं तिच्या पट्ट्यांनंतरचं पथ्य आहे. तिलाही ते पटलं.

सोमवारी मी सायकलच्या मागच्या कॅरिअरला गिटार बांधून शाळेत गेले. खोलीत दोघी होत्या. प्रिन्सिपल सिस्टर टेबलामागे होत्या, आणि बाजूच्या खुर्चीत शाळेच्या जुन्या संगीताच्या मिस बसल्या होत्या, ज्यांची जागा भरायची होती. मिसच्या बोटांचे सांधे सुजलेले होते. त्यामुळेच त्या सोडत होत्या.

सिस्टरनी प्रार्थनेचं काहीतरी वाजवायला सांगितलं. मी सुरुवात केली. पहिलं कडवं ठीक गेलं, कारण त्यात सोप्या पकडी होत्या. दुसऱ्या कडव्यात पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबाव्या लागतात. तिथे मला जाणवलं की कातडी फाटते आहे. मी चेहरा हलू दिला नाही आणि कडवं पुरं केलं. शेवटच्या दोन ओळी नुसत्या खुल्या तारांवर अंगठ्याने निभावल्या.

मिस म्हणाल्या, "गिटार नीचे क्यों मिलाई है?"

अंकल म्हणाले होते कोणाला कळणार नाही. पहिल्याच माणसाला कळलं. खोटं काय सांगायचं ते मला सुचलं नाही, म्हणून मी डावा हात पुढे केला. मिसने तो धरला. बोटांच्या टोकांवर दोन ठिकाणी रक्त आलं होतं. त्यांनी मग उजवा हात मागितला, तोही दिला. त्यावर गोल केलेली नखं होती आणि अंगठ्याचं नख जरा जास्त लांब. कसं झालं ते त्यांनी विचारलं आणि मी हिंदीत सगळं सांगितलं. लू, कांदा, आत्या, काकांचे पाय, कुरुपाच्या पट्ट्या.

मिसने सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी चष्मा काढला आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. सिस्टर अस्वस्थ झाल्या. मी खाली फरशीकडे पाहत होते. मला वाटलं संपलं.

हसणं थांबल्यावर मिस सिस्टरना म्हणाल्या, "नाखून देखिए। एक हाथ के कटे हुए, एक हाथ के घिसे हुए। ये रोज़ बजाती है।" त्याआधी दोन मुली येऊन गेल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. दोघींच्या दोन्ही हातांची नखं लांब होती आणि दोघींनी नेलपॉलिश लावलं होतं. दोघींनी कुठूनतरी गिटार मागून आणली होती.

सिस्टरनी मला एवढंच विचारलं, "उँगलियाँ कब तक ठीक होंगी?"

मी म्हटलं, तीन आठवडे. मिस म्हणाल्या, चार समजा. शाळा एक जुलैला उघडणार होती, म्हणजे हातात पाच आठवडे होते.

बाहेर येऊन मी सायकलच्या सीटवर बसले आणि थोडा वेळ पेडल मारलंच नाही. लू वाहत होती, डांबर चिकटत होतं, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की आधी गिटार नीट बांधली आहे की नाही हेसुद्धा मी पाहिलं नाही. रुआबांध्याच्या वळणावर ती एका बाजूला कलंडली तेव्हा उतरून नीट बांधली. गावी जायचं नव्हतं. आता तेवढं नक्की होतं. बोटं जळत होती, ती जळू दे.

घरी बाबा पहिल्या शिफ्टवरून यायचे होते. आईने बातमी ऐकली आणि देवापुढे साखर ठेवली. मग मला म्हणाली, "आता नखं काप म्हणीन तर नोकरी जाईन म्हणशीन." ते खरंच होतं, म्हणून मी होय म्हटलं.

आत्याने बातमी ऐकून मान हलवली. तिला जराही आश्चर्य वाटलं नाही. "मी म्हटलं नव्हतं का," ती आईला म्हणाली. "हात साफ केले म्हणून लागली. तसेच खरबरीत हात घेऊन गेली असती तं काहून घेतलं असतं त्याईनं?" आईने माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायला आत गेले. मोरीशी उभी राहून मी हसले, चार दिवसांत पहिल्यांदा.

खरं काय ते आत्याला मी कधीच सांगितलं नाही. ती होती तोवर साऱ्या नातेवाइकांत सांगत होती की भाचीची नोकरी तिच्यामुळे लागली. हिशेबाने पाहिलं तर मिस हसल्या त्या तिच्यामुळेच. मी आजही त्याच शाळेत आहे. गिटार शिकणाऱ्या मुलांचे हात दर सोमवारी बघते. ज्याची डाव्या हाताची नखं वाढलेली असतील त्याला त्या दिवशी वाजवू देत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला आत्या आली तेव्हा तिने माझ्यासाठी पट्ट्यांचं अख्खं पाकीट आणलं होतं. "ठेव," ती म्हणाली, "पुन्हा झाले तं लावजो." तोवर घट्टे पुन्हा पडले होते, आणि तिच्यासमोर मी डावा हात पदराखाली ठेवून जेवण वाढत होते. पाकीट मी कपाटात ठेवून दिलं. पुढे बाबांच्या पायाला खरंच एक कुरूप झालं, तेव्हा ते उपयोगी पडलं. पट्ट्या चांगल्या होत्या. दोन दिवसांत निघालं.