तलवार घेऊन उठायचं

हंबीरराव ऐंशीला टेकलेत अन् बडोद्यात मांडवीमागं दोन खोल्यांत एकटे राहतात. जिना असा उभा, की शेळीनंही दोनदा इचार करावा. होळीच्या आधी न्हाणीत घसरले, खुबा मोडला, आत सळई बसली. मुलगा मयंक म्हणाला, "पप्पा, आता वासण्याला माझ्या फ्लॅटवर चला. लिफ्ट आहे."

"मेल्यावर घाल मला लिफ्टीत."

शेवटी बापलेकात ठरलं. आमच्यात खंडेनवमीला घरातला थोरला गडी पाटावर मांडी घालून पणज्याची तलवार पुजतो. मग ती दोन्ही तळव्यांवर आडवी घेऊन उठतो नि खुंटीला लावतो. तवर ती भुईला टेकवायची नाही अन् उठणाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. हंबीरराव उठले तर मांडवीत. न उठले तर दसऱ्याला सामान वासण्यात.

डॉक्टरनं मांडी घालायला मोकळीक दिली तशी म्हाताऱ्यानं रोज सकाळी फरशी पुसायचा दांडा हातावर घेऊन वीस-वीसदा बस-ऊठ केली. पडायचा, शिव्या द्यायचा, पुन्हा बसायचा. पण एक चुकलं. उठायचा सराव केला, बसून राहायचा नाही. अन् पूजा चालली अर्धा तास.

तलवार तळव्यांवर आली आणि त्यांनी पाय हलवून बघितला. डावा पाय मेलेला. लाकूड.

पहिला झोका दिला, कलंडले. पातं भुईपासून चार बोटांवर थांबलं. नात मिताली पुढं धावली, "दादा, हात देऊ ने?"

"मागं हो!"

मयंक बापाकडं बघत नव्हता, हे मला दिसत होतं. त्यांची थोरली भावजय गंगाबाई भिंतीला टेकून म्हणाली, "भावजी, बसलात की रुजलात?"

"वहिनी, तुमची बासुंदी आटेस्तवर उठतो."

पण उठले नाहीत. नुसते बसले, बोटं एकेक हलवत. दंड थरथरत होते, पातं थरथरत होतं, कपाळावरचा घाम नाकावर आला तरी पुसायला हात मोकळा नव्हता. पाच मिनिटं गेली. मयंक म्हणाला, "पप्पा, पुरे. रेहवा दो."

"मुंग्या आल्यात. मुंग्या आल्या म्हणजे पाय जित्ता हाय."

मग उजवा गुडघा टेकला. डावं पाऊल पुढं रोवलं. दात खाल्ले. हाडांचा कडकड आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. अन् म्हातारा उभा राहिला, डुलत, पण उभा. चार पावलं टाकून तलवार खुंटीला लावली आणि मगच भिंत धरली.

मयंक खाली मान घालून म्हणाला, "राहा मांडवीत."

"राहतोच. उद्या सुतार पाठव. जिन्याला दोन्ही अंगांनी कठडा पायजे, न्हाणीत धरायला दांडा पायजे, अन् फरशी खरबरीत."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तर म्हणाला असतास, बघा, थकले."