पोटाशी अंडी

बॉथेल गावी वादळात झाडं पडून वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी सकाळीही आली नव्हती. मी पार्किंगमध्ये हीटर लावून गाडीत बसलो होतो. एका अनोळखी गृहस्थांनी काचेवर टकटक केली. हातात जाकिटात गुंडाळलेली बरणी, अंगावर नुसता शर्ट. "माझ्या गाडीतलं पेट्रोल संपलं. आत बसू का?"

बरणीत बोटाएवढी मासोळी होती, पोटाखाली अंड्यांचा घोस.

"इंडोनेशियातल्या बेटावरच्या तळ्यातली आहे. पिल्लं निघेपर्यंत अंडी अशीच वागवते. गारठली तर टाकून देते." ते सारखं पाण्यात बोट बुडवून बघत होते.

"काका, एवढा जीव टाकता तिच्यावर?"

"परत तर पाठवता येत नाही. मग इथल्या थंडीत मरू कसं देऊ?"

तेवढ्यात मासोळी कलंडली. मी हीटर वाढवला. बऱ्याच वेळानं ती सरळ झाली. अंडी पोटाशीच होती.

समोर खिडक्यांत दिवे लागले. लोक ओरडत घरात पळाले. काका मात्र हलले नाहीत.

"घरी माशांच्या टाकीचा हीटर आता चालू झाला असेल. पाणी तापेपर्यंत थांबता?"

मी ऑफिसची मीटिंग कॅन्सल केली आणि बसून राहिलो.